पाचांमध्ये तुमची जागा कोणती?

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. बोलबाला टिकटॉकचाच झाला, पण त्याच यादीत ‘मोबाइल लेजंड्स’ हा पाच विरुद्ध पाच लढाईचा खेळही होता. दोन महिन्यांनी, २ सप्टेंबरला, पबजी मोबाइल गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेला, मात्र त्याचाच भाऊबंद फ्री फायर मॅक्स राहिला. पबजीच्या जागी जुलै २०२१ मध्ये आलेला बीजीएमआय वर्षभराने अ‍ॅपच्या दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. या उलथापालथीत नागपूरच्या पोट्ट्यांनी खेळ बदलले, आयडी बदलले, फोनही बदलले. धरमपेठेतला कट्टा असो, नंदनवनची गल्ली असो की एखाद्या होस्टेलची गच्ची, हरल्यानंतरचं भांडण मात्र तेच राहिलं.

“भाऊ, तुह्याजवळ हील होतं ना? मग टाकलं काऊन नाही?”

“अबे, मी एकटा समोर मरून राहिलो होतो, तुम्ही चौघं मागं काय करून राहिले होते?”

या भांडणात नेमबाजी कोणाची कच्ची होती हा मुद्दा क्वचितच असतो. समोर कोणी जायचं, मागे कोणी थांबायचं, कोणाला जपायचं आणि कोणी मरायची तयारी ठेवायची, हे ठरलंच नव्हतं, हा खरा मुद्दा असतो. सामना सुरू होण्याआधी पात्र निवडायला जो मिनिटभर मिळतो, त्यात पाचही जण आपापलं आवडतं पात्र उचलतात आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं त्या निवडीची किंमत मोजतात. म्हणून हा लेख त्या एका मिनिटाबद्दल आहे: भूमिका कशी निवडावी आणि निवडलेल्या पात्राची बांधणी, म्हणजे पोरांच्या भाषेत ‘बिल्ड’, कशी ठरवावी.

भूमिका आल्या कुठून

पाच विरुद्ध पाचच्या या खेळांचं मूळ मोबाइलमध्ये नाही. ‘वॉरक्राफ्ट ३’ या संगणकावरच्या खेळात हौशी लोकांनी स्वतःचे नकाशे बनवले. त्यांतला २००३ चा ‘डिफेन्स ऑफ द एन्शंट्स’, म्हणजेच डोटा, जगभर गाजला. त्याच वाटेने २००९ मध्ये ‘लीग ऑफ लेजंड्स’ आणि २०१३ मध्ये ‘डोटा २’ आले. मोबाइलवर चीनमध्ये २०१५ साली ‘ऑनर ऑफ किंग्ज’ आला, २०१६ मध्ये मोबाइल लेजंड्स आणि २०२१ मध्ये ‘पोकेमॉन युनाइट’. पात्रं वेगळी, नकाशे वेगळे, पण सांगाडा एकच: दोन्हीकडे पाच खेळाडू, ठरावीक वाटा आणि मधलं जंगल. प्रत्येक जण पहिल्या पातळीपासून सुरुवात करतो, छोट्या शत्रूंना मारून अनुभव आणि बहुतेक खेळांत सोनंही कमावतो आणि मोठा होतो.

या सांगाड्यातच भूमिकांचं बीज आहे. नकाशावरचं सोनं आणि अनुभव मर्यादित असतो. तो पाचांत सारखा वाटला तर पाचही जण मध्यम राहतात. एका-दोघांना जास्त दिला तर ते प्रतिस्पर्ध्यांच्या पुढे निघतात, पण उरलेल्या तिघांना कमी कमाईतही उपयोगी पडावं लागतं. डोटामध्ये खेळाडूंना चक्क १ ते ५ असे क्रमांक देतात. तो क्रमांक कौशल्याचा नसतो, सोन्यावरच्या हक्काचा असतो. एक नंबरला सगळ्यात आधी वाढायचं असतं. पाच नंबरचा खेळाडू जवळजवळ रिकाम्या खिशाने खेळतो, वाटेवर पहारा ठेवतो, साथीदारांना वाचवतो आणि वेळ आली तर त्यांच्याऐवजी मरतो. चांगला पाच नंबर मिळणं हे चांगला एक नंबर मिळण्याइतकंच अवघड असतं. अनोळखी लोकांबरोबर खेळताना ही जागा शेवटपर्यंत रिकामी का राहते, ते यावरून कळतं.

मोबाइल लेजंड्सने पात्रांचे सहा वर्ग केले: टँक, फायटर, असॅसिन, मेज, मार्क्समन आणि सपोर्ट. पोकेमॉन युनाइटने पाच केले: अटॅकर, स्पीडस्टर, ऑलराउंडर, डिफेंडर आणि सपोर्टर. नावं कुठलीही असोत, प्रत्येक वर्ग चार गुणांची वाटणी करतो: मार किती देतो, मार किती सोसतो, किती वेगाने हलतो आणि इतरांच्या किती कामी येतो. चारही गुण भरभरून असलेलं पात्र बनवलं तर खेळच मोडेल, म्हणून बनवणारे एका हाताने देतात आणि दुसऱ्या हाताने काढून घेतात. लांबून जबर मारा करणारा निशाणेबाज अंगाने नाजूक असतो. मार सोसणाऱ्याला कोणाला मारायला वेळ लागतो. झडप घालणारा असॅसिन दोन सेकंदांत एखाद्याला संपवतो, पण ती दोन सेकंदं चुकली तर तोच संपतो.

यातून एक त्रिकोण तयार होतो. असॅसिन निशाणेबाजाला गाठतो. निशाणेबाज अंतर राखून टँकला हळूहळू वितळवतो. टँक असॅसिनला जागेवर अडवून ठेवतो. तुमच्या पाचांत या तिघांपैकी एकही कोपरा रिकामा असेल, तर समोरचा संघ नेमका तिथूनच आत शिरतो.

रणजीचा धडा

नागपूरकराला हे समजावायला परक्या खेळाचं उदाहरण लागत नाही. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाला पहिला करंडक मिळायला २०१७-१८ चा मोसम उजाडावा लागला. तो संघ नावाजलेल्या ताऱ्यांचा नव्हता. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित होते. कर्णधार फैज फजल सलामीला उभा राहायचा. बाहेरून आलेला वसीम जाफर अनुभव घेऊन फलंदाजीला होता आणि बळी घ्यायला वेगवान रजनीश गुरबानी. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली. त्यानंतर सामना हातातून जाऊ न देण्याचं काम ज्यांनी केलं, त्यांत मोठा वाटा यष्टिरक्षक अक्षय वाडकरच्या १३३ धावांचा आणि डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेच्या ७९ धावांचा होता. २०२४-२५ मध्ये तोच वाडकर कर्णधार होता. त्या मोसमात हर्ष दुबेने ६९ बळींचा विक्रम केला, यश राठोडने ९६० धावा केल्या आणि जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्धची अंतिम लढत अनिर्णित राहूनही पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक नागपुरातच थांबला.

अकरा गुरबानी किंवा अकरा जाफर घेऊन ते करंडक आले नसते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. सरवटेची पहिली ओळख गोलंदाजाची. गरज पडली तेव्हा त्याने फलंदाजी केली, पण म्हणून संघाने त्याला सलामीला पाठवलं नाही. दुसरं काम येणं ही चैन आहे, पहिलं काम चोख करणं ही अट आहे. मोबाइलवरच्या पाचांनाही हेच लागू पडतं. मदतनीसाला एखादा बळी मिळाला की तो स्वतःला निशाणेबाज समजू लागतो, पुढे सरकतो, आणि ज्याला वाचवायचं होतं तो मागे उघडा पडतो.

बिल्ड म्हणजे उत्तर

भूमिका ठरली की बांधणी. इथे नव्या खेळाडूची पहिली चूक अशी की तो एखाद्या नामवंत यूट्यूबरच्या सहा वस्तू पाहून ठेवतो आणि समोर कोणीही असो, त्याच सहा त्याच क्रमाने घेतो. ती यादी चुकीची नसते. ती त्या यूट्यूबरच्या त्या दिवसाच्या सामन्याचं उत्तर असते, तुमच्या सामन्याचा प्रश्न वेगळा असतो.

गणित छोटं आहे, करून पाहू. लीग ऑफ लेजंड्समध्ये चिलखताचा हिशोब उघड आहे: १०० ला ‘१०० अधिक चिलखत’ या बेरजेने भागायचं, जो भागाकार येईल तेवढाच हिस्सा अंगाला लागतो. चिलखत १०० असेल तर निम्मा मार लागतो, २०० असेल तर एक तृतीयांश. आता समजा तुमच्या टँककडे ३,००० जीव आणि ५० चिलखत आहे. त्याला पाडायला शत्रूला एकूण ४,५०० चा शारीरिक मारा करावा लागेल. हातात एका वस्तूपुरतं सोनं आहे. ५०० जीव वाढवणारी वस्तू घेतली तर हा आकडा ५,२५० होतो. ५० चिलखत वाढवणारी घेतली तर ६,०००. चिलखत सरळसरळ सरस दिसतं. पण समोरचा मुख्य मारेकरी जादूचा मारा करणारा मेज असेल, तर चिलखताच्या त्या वस्तूने त्याच्यापुढे काडीचाही फरक पडत नाही आणि ५०० जीव मात्र कामी येतो. वस्तू तीच, टँक तोच, तरीही उत्तर उलटं. शत्रूकडून येणारा मार कुठल्या जातीचा आहे हे पाहिल्याशिवाय कुठली वस्तू चांगली हे सांगता येत नाही, ते यासाठी.

मारा करणाऱ्याचंही असंच आहे. समजा एका फटक्यात २०० चा मार आणि सेकंदाला एक फटका. मार ४० ने वाढवणाऱ्या दोन वस्तू घेतल्या तर सेकंदाला २८० होतात. त्यातली एक ठेवून दुसरी वस्तू फटक्यांचा वेग २५ टक्के वाढवणारी घेतली तर २४० गुणिले सव्वा, म्हणजे ३००. मार, वेग आणि क्रिटिकल, म्हणजे अधूनमधून बसणाऱ्या जबर, फटक्याची शक्यता यांचा एकमेकांशी गुणाकार होतो, म्हणून एकाच गोष्टीचा ढीग लावण्यापेक्षा तिन्हींचा तोल साधलेला बरा. असॅसिनचं वेगळं. त्याला सेकंदाला किती हा प्रश्नच नसतो, पहिल्या दोन सेकंदांत एकूण किती हा असतो. त्यामुळे त्याला फटक्यांचा वेग फारसा उपयोगी नाही, एकदाच कोसळणारा मार उपयोगी.

तिसरा प्रश्न संपूर्ण संघाचा. समोर दोन पात्रं सतत स्वतःला बरं करत असतील, तर तो बरं होण्याचा वेग कापणारी वस्तू कोणीतरी घ्यायला हवी. लीग ऑफ लेजंड्समध्ये हा परिणाम एकावर एक चढत नाही. पाचांनी पाच वस्तू घेतल्या तर चारांचं सोनं बरंचसं वाया, कोणीच घेतली नाही तर समोरचे मरतच नाहीत. ज्याच्याकडे कमी सोनं आहे आणि जो शत्रूला वारंवार फटका लावू शकतो, त्याने ती घ्यावी. म्हणजे बिल्डसुद्धा एकट्याची नसते, ती पाचांत वाटून घ्यायची असते.

युनाइटमधला एक सामना

आता प्रत्यक्ष सामन्यात हे कसं दिसतं ते पाहू. पोकेमॉन युनाइट यासाठी सोयीचा, कारण तो भारतात खेळता येतो आणि त्याचा सामना दहा मिनिटांत आटपतो. इथे दुकान नाही. प्रत्येकाने सामन्याआधी सोबत बाळगायच्या तीन वस्तू आणि हाताने वापरायची एक वस्तू निवडायची. सामन्यात पात्र मोठं होत जातं तशी दोन वेळा दोनपैकी एक चाल निवडायची. जिंकायचं शत्रूंना मारून नव्हे, गोल करून. जंगली पोकेमॉन मारून ऊर्जा गोळा करायची आणि समोरच्याच्या गोलमध्ये टाकायची. थिया स्काय रुइन्सच्या मूळ नकाशावर शेवटची दोन मिनिटं उरली की मध्यभागी रेक्वाझा हा बलाढ्य जंगली पोकेमॉन उतरतो आणि त्याच दोन मिनिटांत गोलचे गुण दुप्पट होतात.

समजा तुमच्या संघात सिंडरेसने अटॅकरची जागा घेतली. लांबून मारा करणारा हा पोकेमॉन उशिरा रंगात येतो. त्याच्याकडे मसल बँड आणि स्कोप लेन्स अशा वस्तू शोभतात. मसल बँडमुळे साध्या फटक्यासोबत शत्रूच्या उरलेल्या जिवाच्या काही टक्के जादा मार बसतो, त्यामुळे समोर अवाढव्य जीव असलेले दोन डिफेंडर असतील तर ती विशेष कामाची. स्कोप लेन्स क्रिटिकल फटक्याचा मार वाढवते. तिसरी जागा मोकळी आहे. समोर झेरॉरा किंवा टॅलनफ्लेमसारखा झडप घालणारा स्पीडस्टर दिसत असेल तर मार वाढवणारी आणखी एक वस्तू घेण्यापेक्षा जीव खालावल्यावर सावरून धरणारा फोकस बँड घेतलेला बरा. मेलेला अटॅकर शून्य मार देतो.

आता त्याला वाढायला वेळ आणि अनुभव कोण देणार? इथे स्नॉरलॅक्ससारखा डिफेंडर येतो. त्याच्याकडे ‘एक्स्प. शेअर’ असेल तर वाटेवरच्या पोकेमॉनचा अनुभव साथीदाराला पूर्ण मिळतो, आणि संघात सर्वांत मागे राहिलेल्या या वाहकालाही थोडा थोडा अनुभव मिळत राहतो. मग स्नॉरलॅक्सला चाल निवडायची वेळ येते: ‘ब्लॉक’ की ‘यॉन’? ब्लॉक शत्रूंच्या वाटेत भिंत उभी करते, यॉन शत्रूला झोपवते. समोर धावून येणारे दोन-तीन असतील तर भिंत उपयोगी. समोर एकच मोठा मारेकरी असेल आणि बाकीचे त्याच्यावर अवलंबून असतील तर त्यालाच झोपवलेलं बरं. पोकेमॉन एकच, भूमिका एकच, पण समोरचे पाच पाहून त्याचं कामच बदललं.

हाताने वापरायच्या वस्तूचंही तसंच. बहुतेक जण डोळे झाकून ‘इजेक्ट बटन’ घेतात, कारण ते दाबलं की पात्र जवळच पण झटक्यात दुसरीकडे जातं. पण समोर झोपवणारे, गोठवणारे, अडवणारे जास्त असतील तर त्या बंधनांतून सोडवणारा ‘फुल हील’ अधिक किमतीचा ठरतो. ड्राफ्टच्या सामन्यात दोन्ही संघ आळीपाळीने पात्रं निवडतात, त्यामुळे समोरचा संघ दिसतो. तिथे हे न पाहता वस्तू निवडणं म्हणजे हातात आलेली माहिती फेकून देणं.

आणि शेवटची दोन मिनिटं. रेक्वाझाला जो संघ पाडतो त्याला ढाल मिळते आणि ती टिकेपर्यंत गोल झटपट होतात. म्हणून आठव्या मिनिटापर्यंत आपला संघ कुठल्या अवस्थेत असायला हवा हे आधीच ठरलेलं बरं. तुमचे पाच लवकर रंगात येणारे असतील तर सुरुवातीच्या मिनिटांत आघाडी घ्या आणि शेवटी रेक्वाझाला हात न लावता फक्त त्याची राखण करा. उशिरा रंगात येणारे असतील तर आधी थोडं मागे पडा, पण मरू नका. दहापैकी नऊ सामन्यांत रेक्वाझापाशी पोरांची गर्दी होते ती मात्र या हिशोबाशिवाय.

फ्री फायर मॅक्स: चार जणांचं गणित

विदर्भातल्या छोट्या गावांत आणि नागपूरच्या वस्त्यांत पाच विरुद्ध पाचपेक्षा फ्री फायर मॅक्सच जास्त दिसतो, कारण तो कमी किमतीच्या फोनवरही चालतो. त्यात चार जणांचा स्क्वॉड असतो आणि बिल्ड म्हणजे कॅरेक्टरचं कॉम्बिनेशन: बटण दाबून वापरायचं एक अ‍ॅक्टिव्ह स्किल आणि आपोआप चालणारी तीन पॅसिव्ह. पात्रांत ब्राझीलचा डीजे अलोक आहे, हृतिक रोशनवरून घेतलेला जय आहे, रोनाल्डोवरून घेतलेला क्रोनो आहे. कोणाचा चेहरा कोणाचा यावरून पोरं हुरळतात, पण निवड स्किलवर करायची.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे चारही जण अलोक घेऊन उतरतात. अलोकचं वर्तुळ आसपासच्या साथीदारांना जीव आणि वेग देतं, त्यामुळे तो कोणालाही आवडतो. पण चौघांचं एकच स्किल असलं की उरलेली तीन कामं कोणी करत नाही. त्याऐवजी कामं वाटा. एकाने सावरायचं: अलोक किंवा पडलेल्यालाही उठण्याची संधी देणारा दिमित्री, आणि सोबत साथीदाराला लवकर उचलू देणारी थिवा पॅसिव्ह म्हणून. एकाने शत्रूची ग्लू वॉल, म्हणजे आडोशाची भिंत, फोडायची: स्कायलर. एकाने खबर काढायची: क्लू, जी आसपासच्या शत्रूंचा माग काढते. चौथ्याने आत घुसायचं: झपकन पुढे सरकणारा तात्सुया, सोबत धावण्याचा वेग वाढवणारी केली आणि जीव कमी होताना शत्रूचं चिलखत जास्त भेदणारा हायातो. या चौघांपैकी जो लांबून मारतो त्याने पॅसिव्हमध्ये मारो घ्यावा, त्याचा मार अंतर वाढेल तसा वाढतो, आणि मोको घ्यावी, तिच्या गोळीने लागलेला शत्रू सगळ्या स्क्वॉडला दिसतो. मोकोचा फायदा जेवढा तिच्या मालकाला, तेवढाच इतर तिघांना होतो. सपोर्ट हा वेगळा वर्ग असायलाच हवा असं नाही, ही वृत्ती निशाणेबाजाच्या पॅसिव्हमध्येही ठेवता येते.

बीजीएमआयमध्ये पात्रांना अशी खास शक्ती नसते. तिथे बिल्ड म्हणजे बंदूक, दुर्बीण आणि पाठीवरची पिशवी. पण चार जणांत निर्णय घेणारा आयजीएल, आधी घुसणारा असॉल्टर, त्याला धूर आणि गोळ्यांची साथ देणारा सपोर्ट आणि दूरवर नजर ठेवणारा स्नायपर ही वाटणी तिथेही असते. आयजीएल सर्वांत जास्त बळी घेणारा असावा लागत नाही. नकाशा डोक्यात असणारा आणि हरताना आवाज न चढवणारा असावा लागतो.

फोन, नेट आणि नवतपा

भूमिका ठरवताना एक गोष्ट कोणी विचारात घेत नाही: हातातलं यंत्र. असॅसिनला किंवा घुसणाऱ्याला शत्रूची हालचाल दिसताक्षणी बोट हलवावं लागतं. स्क्रीन सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल तर दोन चित्रांत सुमारे १७ मिलिसेकंद जातात, ३० दाखवत असेल तर ३३. त्यावर नेटचं पिंग १५० मिलिसेकंद असलं की तुम्ही पाहता ती लढाई थोडी आधीच घडून गेलेली असते. माणसाच्या प्रतिक्रियेला लागणारा वेळ साधारण पाव सेकंद धरला, तर अशा फोनवर असॅसिनची ती दोन सेकंदं अपुरी पडतात.

नागपुरात याला मे महिन्यातल्या नवतपाच्या उन्हाची भर. पारा ४५ च्या पुढे गेला आणि चार्जिंगला लावलेला फोन हातात असला की फोन स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो, चित्रं अडखळतात आणि नेमका लढाईच्या गर्दीत खेळ थबकतो. असा फोन असलेल्याने टँक किंवा सपोर्टची भूमिका घ्यावी. त्यांचं काम बोटांच्या चपळाईपेक्षा जागेच्या निवडीवर चालतं: कुठे उभं राहायचं, कोणाच्या पुढे यायचं, ढाल किंवा हील कुठल्या क्षणासाठी राखायचं. सर्वांत चांगला फोन आणि घरचं वायफाय असलेल्याकडे निशाणेबाजाची जागा द्यावी. हा अपमान नाही, हिशोब आहे. दुपारी कूलरसमोर बसून खेळणाऱ्यांनी फोनचं कव्हर काढावं, चार्जर बाजूला ठेवावा आणि ग्राफिक्स कमी करावेत, याने उरलेलं काम होतं.

याद्या आणि पैसा

‘या महिन्यातली सर्वांत ताकदवान पात्रं’ अशा याद्या दर अपडेटनंतर येतात. त्या पाहाव्यात, पण सावधपणे. एखादं अवघड पात्र सगळ्या खेळाडूंच्या सरासरीत कमी जिंकताना दिसतं, कारण नवशिके ते घेऊन हरतात, आणि तेच पात्र ज्याने शेकडो सामन्यांत घोटलंय त्याच्या हातात वाघ असतं. उलट सोप्या पात्राची सरासरी चांगली दिसते, पण वरच्या पातळीवर सगळ्यांना त्याचा तोड माहीत असतो. शिवाय पुढच्या अपडेटमध्ये आकडे बदलतात आणि गेल्या महिन्याचा राजा रांगेत मागे जातो. पात्राची ताकद बदलत राहते, भूमिका समजून घेतलेली असली तर ती समज टिकते.

पैशाबद्दल एवढंच: बहुतेक खेळांत कपडे आणि स्किन दिसायला असतात, पण काही ठिकाणी, जसं फ्री फायरच्या काही बंदुकांच्या स्किनमध्ये, आकड्यांचाही थोडा फरक पडतो. घरच्या खात्यातून डायमंड, म्हणजे खेळातलं चलन, घेण्याआधी तो फरक किती आहे हे वाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला झालेल्या पहिल्या कॉमनवेल्थ ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारतीय संघाने डोटा २ मध्ये कांस्यपदक घेतलं, तेही पाच जणांच्याच खेळात.

शेवटी, त्या एका मिनिटात काय करायचं

पहिलं, एकाने आधी विचारा, “समोर कोण राहील?” हे उत्तर मिळेपर्यंत निशाणेबाज पक्का करू नका. दुसरं, तुमच्या पाचांत मार कुठल्या जातीचा आहे ते पाहा. पाचही शारीरिक मारा करणारे असतील तर समोरचे एकच चिलखत घेऊन सुटतात, एक तरी मेज हवा. तिसरं, शत्रूला जागेवर अडवणारं कोणी आहे का ते पाहा. पळून जाणाऱ्या शत्रूला कितीही मार बसला तरी तो परततो. चौथं, कोणाला वाढवायचं ते ठरवा आणि बाकीच्यांनी त्याच्या वाटचे शेवटचे फटके चोरू नका. पाचवं, वस्तू निवडताना समोरचे पाच पाहा आणि पहिल्या लढाईत आपल्याला नेमकं कशाने मारलं ते लक्षात ठेवून पुढची वस्तू बदला.

अनोळखी लोकांबरोबर एकटे खेळत असाल तर दोन भूमिका शिका आणि प्रत्येकीत दोन पात्रं हातखंडा करा. त्यांपैकी एक भूमिका टँक किंवा सपोर्टची असू द्या. ती जागा नेहमी रिकामी सापडते, आणि ती भरणाऱ्याचे सामने शंभर पात्रं थोडी थोडी येणाऱ्यापेक्षा जास्त निघतात. तुमच्या ग्रुपमध्ये आज रात्री खेळणारे पाच जण असतील, तर सामना सुरू करण्याआधी फक्त एवढं ठरवा की आज मदतनीस कोण होणार. कोणीच तयार नसेल, तर पाळी लावा.